करून बघ

डोरीन कॅडोट पहिल्यांदा आली तेव्हा
दार शोधताना ती मला ऐकू आली :
काठी पायरीला, काठी बर्फाच्या फावड्याला,
मग एक शिवी, हलकीशी.
शिकवायला पाठवलेली बाईही
माझ्यासारखीच.
बुडत्याला बुडत्याचा हात, कायसा पुटपुटली.
माझी बहीण. डलूथच्या चढावर रोज दोनदा
डबा घेऊन येणारी.

डोरीननं कोट काढला, कायसाला म्हणाली,
तुम्ही बाहेर बसा. कांदा त्याला चिरू द्या.

दीड वर्ष मी कांदा चिरला नव्हता.
दीड वर्ष ताट मला घड्याळासारखं वाचून दाखवलं जाई,
बटाटा तीनवर, मासा सहावर,
आणि मी जेवायचो, वेळ पाळल्यासारखा.

चिरून बघ, डोरीन म्हणाली.
ओतून बघ. कपाच्या कडेला बोट ठेव,
भाजलं की समज, भरला.
(भाजलं. दुसऱ्यांदाही.)
शेगडीच्या बटणावर तिनं रबराचे टिपके चिकटवले,
टोमॅटोच्या डब्याला एक रबरबँड, घेवड्याला दोन.
पाचाची नोट आडवी दुमडायची, दहाची उभी,
विसाची दोनदा. एकाची सरळच,
एका डॉलरला कोण फसवतंय?
असं म्हणून स्वतःच हसली,
म्हणजे कुणीतरी फसवलं असणार.

ऑफिसातल्या ऑस्टबीनं सतरा पानांचा फॉर्म
मोठ्यानं वाचला, मध्ये मध्ये पाणी पीत.
रोजगाराचं उद्दिष्ट?
मी म्हणालो, बावीस वर्षं शाळेची बस चालवली.
थोडा वेळ नुसता हीटर बोलत राहिला.
मग तो म्हणाला, स्क्रू मोजून पिशव्यांत भरायचं काम आहे,
ने-आण करतील, जागा शांत आहे.

शांत जागा घरी होती माझ्याकडे.

बसमधली मुलं तुला आरशात दिसायची? डोरीननं विचारलं.
आरशात नुसत्या टोप्या, मी म्हणालो.
कुठल्या बाकावर भांडण पेटतंय ते कानाला कळायचं,
आणि कुठली गल्ली ते कमरेला.
मग हे त्या फॉर्मात का नाही? ती म्हणाली.

आता मी डेपोत रेडिओच्या खुर्चीवर बसतो.
पहिले तीन आठवडे कम्प्युटर कानात नुसता
बटण, बटण, बटण म्हणत होता;
ज्यानं तो प्रोग्रॅम केला त्यानं बटणांना
नावंच दिली नव्हती.
ऑस्टबीबद्दल वाईट बोललो, तर हेही सांगायला हवं :
त्या कंपनीला त्यानं अकरा फोन केले.

डिसेंबरात, शेवटची जहाजं निघत होती तेव्हा,
नवी ड्रायव्हर पाकू वांग रेडिओवर आली.
मुलं उतरली होती, नशीब.
दिसत नाही, ती म्हणाली, पांढरं आहे सगळं,
मला काहीच दिसत नाहीये.
बरं, मी म्हणालो. गाडी कुठं कलतेय?
उजवीकडं.
काच खाली कर. पुलाचा भोंगा कुठल्या कानात?
उजव्या. जरा मागून.
म्हणजे रस्ता बरोबर आहे. दिवे लाव, पावलापावलानं ये.
चढ संपला की सीटखाली कळेल, तिथं थांब.
कसं कळेल?
बसून बघ.

ती थांबली. नंतर माणसं गेली तिला आणायला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आठवड्याचे वीस तास,
विमा अजून मिळालेला नाही.

संध्याकाळी कायसाचा फोन : जेवलास?
कांदा चिरतोय.
दिवा लावलायस का?
प्रश्न तोंडातून निसटल्यावर ती गप्प झाली.
लावलाय, मी म्हणालो. खरंच लावला होता.
मला नाही लागत. पण रस्त्यानं चढून जाणाऱ्याला
कळायला नको, या घरात
कुणीतरी राहतं म्हणून?