बटाट्याच्या पिठाचा बर्फ

वूच शहरात, वुल्चान्स्का रस्त्यावर, तळघरात माझं दुकान.
लोक लॅपटॉप आणतात :
चहा प्यायलेले, मांजरानं टेबलावरून ढकललेले.
बोग्नाबाई आल्या त्या एक तबकडी घेऊन,
एक्स-रेचं पाकीट धरावं तशी छातीशी धरून,
अजून डॉक्टरला न दाखवलेलं.

"तिमेक, हे लाव."

स्टुडिओनं पाठवली होती, आभाराच्या दोन ओळींसकट.
पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा,
आता धुऊन-पुसून, कण न् कण लख्ख.
नावांच्या यादीत अगदी खाली, ड्रायव्हरांच्याही नंतर,
पावलं : बोग्ना कुझावा.
पडद्यावर चालतो नायक,
वाजतात त्या.

एकशे वीस झ्वोटींत जुना ड्राइव्ह बसवून दिला.
तबकडी आत गेली, गरगरली, खाकरली,
आणि फुकटचा प्लेअर म्हणाला, किल्ली नाही.

"तबकडी तर माझी आहे."

तबकडी तुमची, बाई.
कुलूपही तुमच्याच घरी आलंय.
किल्ली तेवढी एका कंपनीची :
तीनशे एकोणनव्वद झ्वोटी, कर वेगळा,
आणि पुढच्या वर्षी त्यांनी कुलूप बदललं
की पुन्हा पैसे, त्याला म्हणायचं अपग्रेड.

कोंबडीपेक्षा मसाला महाग, हे त्यांना नवं नव्हतं.
त्या हिशेब करत होत्या तो वेगळाच.
त्या हिवाळ्याचे चार हजार मिळाले होते,
रात्रीच्या रात्री, थंड स्टुडिओत, अनवाणी, बुटांत, खडावांत.
मग पंचाण्णव साली सरकारनं नोटांवरची चार शून्यं खोडली.
"म्हणजे आजचे चाळीस ग्रोशी," बाई म्हणाल्या.
"माझीच पावलं ऐकायला
मी किती हिवाळे चालू?"
आकडा सांगता आला असता. सांगितला नाही.

एक चोरवाट आहे, मी हळूच म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तरुणपणी मटण, पेट्रोल, बूट,
सगळं मागच्या दारानं आणलं रे.
आता गुडघे त्या दारातून जात नाहीत."

मग चाचणीची आवृत्ती उतरवली.
दहा मिनिटं, तीही मुकी :
आवाज हवा असेल तर पैसे भरा.
"एक्कावन्नावं मिनिट लाव."

पांढरं माळरान. लांब कोट घातलेला माणूस.
बर्फाचा एकेक खडा मोजता येईल इतकं स्वच्छ,
आणि मेल्यासारखं शांत.
कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते.
"घड्याळ थांबव."
थांबत नाही.
"मग वर जा, पळ, बटाट्याचं पीठ आण."

परत आलो तेव्हा चार मिनिटं उरली होती.
बाईंनी माझा चामडी हातमोजा मागितला,
पीठ भरलं, तोंड आवळलं,
दृश्य पुन्हा सुरुवातीला न्यायला लावलं,
आणि मुठीत दाबला.

चर्र.
माझ्या तळघरात, जूनमध्ये, बर्फ पडला.
चर्र. चर्र.
डोळे पडद्यावर, मनगट त्या माणसाच्या घोट्यात.

अचानक मूठ थांबली.
"अगं बाई, डावा बूट बघ.
तळवा सुटलाय त्याचा!
तेव्हा प्रिंट इतकी अंधारी होती,
मी याला पन्नास वर्षं धड बुटात चालवलं."

टेबलावरची पाकिटाची झडप उचलली,
आणि प्रत्येक डाव्या पावलामागे
एक ढिली, ओली, गरीब चपराक दिली.
चर्र, थप्. चर्र. चर्र, थप्.
माणूस इतका वेळ फक्त चालत होता,
आता त्याला थंडी वाजू लागली.

एक पाय हवेत असताना पडदा करडा झाला.
वर किंमत, खाली हिरवं बटण.
बाईंनी उरलेलं पाऊल तरी टाकलंच.

घ्यायचं का, मी विचारलं, हप्त्यानं?
हात झटकत त्या म्हणाल्या,
"कशाला? आवाज चुकलाय त्यात."

कीबोर्डमधलं पीठ काढायला दोन दिवस लागले.
त्याचे पैसे मी लावले नाहीत.
एस अक्षराखाली अजून थोडं आहे,
दाबलं की ऐकू येतं.