वालूर

दिवसाला आठशे, डिझेल त्यांचं,
म्हणून मी अ‍ॅपेच्या भोंग्यातून बोलतो:
आपला माणूस, हक्काचा माणूस.
'हक्काचा' म्हणताना नेमकं चाक खड्ड्यात जातं.

काल साहेब स्वतः आले.
माईक हातात घेऊन दोन्ही हात उंच केले, म्हणाले,
"नमस्कार वालूजकर!"

वालूज तिकडं, कारखान्यांचं, चार तासांवर.
हे वालूर.

कुणी हूं की चूं केलं नाही.
बारवेजवळ बसलेली तान्हाबाई तेवढी बोलली,
"वाट चुकलं वाटतं लेकरू.
च्या पाजा अन् लावा रस्त्याला."

आमचा बप्पाही धुतल्या तांदळाचा नाही.
शाळेवरचे पत्रे कुठं गेले
ते त्याच्या गोठ्याकडं बघितलं की कळतं.
पण त्याच्या दारात उभं राहून
त्याच्या आईच्या देखत त्याला शिव्या घालता येतात,
अन् तीच म्हातारी मग पाणी आणून देते.
ह्यांचं दार कुण्या गल्लीत?

आज सकाळपासून
मी 'आपला' गाळून बोलायलोय.
गाडीमागच्या पोरांच्या ध्यानात आलं नाही अजून.
पारावरच्यांच्या आलंय.