साठातून एकोणपन्नास

साठातून एकोणपन्नास वजा केले
बँकेतल्या शृंगारपुरे नावाच्या पोरीने,
कॅल्क्युलेटर न घेता.
अकरा, म्हणाली.
अकरा वर्षांत फेडायचं तर मॅडम, हप्ता पडेल
चव्वेचाळीस हजार आठशे.
पगाराच्या स्लिपवरून फिरणारं तिचं बोट
शेवटच्या आकड्यापाशी थांबलं
आणि तिथून हललं नाही.

अकरा माझ्या ओळखीचे.
अकरा-अकरा महिन्यांचे करार केले मी
चुनाभट्टीला, टागोरनगरला, कांजूरला दोनदा,
दरवेळी तेच कलम: भिंतीला खिळा ठोकणार नाही.
नाही ठोकला.
चिकटवायचे हूक आणायचो, दहा रुपयांना दोन.
ते रात्री दोन-अडीचला सुटायचे
आणि कॅलेंडर पडल्याच्या आवाजाने
निनाद झोपेतच विचारायचा, कोण आलं?

अण्णांनी वडाळ्याला, पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टरमध्ये,
एकतीस वर्षं सरकारी भिंतीला पाठ टेकली,
टेकताना मध्ये टॉवेल धरला. डाग पडतात.
घर घ्यायचं वय त्यांच्या हिशेबात अठ्ठावन्न:
फंड हातात येतो ते.
फंड आला. आत्याचं ऑपरेशन, माझं लग्न,
उरलेल्यात कळव्याला एक खोली, भाड्याचीच.

मी शहाणी.
पंचविसाव्या वर्षीच म्हाडाचा पहिला अर्ज भरला.
सोडतीच्या दिवशी हाफ डे टाकून
ठेवणीतली साडी नेसून गेले होते.
पुढे पुढे हाफ डे टाकणं सोडलं.
अनामत परत यायची. पासबुकात त्या तारखा आहेत अजून,
दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणांच्या असाव्यात तशा.
चौदाव्या खेपेला नाव लागलं, तेही प्रतीक्षा यादीत,
आणि माझ्या पुढचा कुणी कागदपत्रांत अडकला.
त्याचं वय काय असेल, हे अधूनमधून मनात येतं.

को-अॅप्लिकंट आहे का कुणी? तरुण?
रक्तगट विचारावा तसं तिने विचारलं.
निनाद तेवीस. एका स्टुडिओत
कार्टूनमधल्या सशांना पळायला शिकवतो,
पगार एकोणीस हजार. हैदराबादहून एक बोलावणं होतं,
ते त्याने मला सांगितलेलं नव्हतं,
मीच वाचलं होतं.
म्हणाला, माझं वय लाव ना, आई.
जसा काही अंगातला स्वेटर काढून देत होता.

मग तीस वर्षं झाली. हप्ता उतरला
एकोणतीस हजार सातशेवर.
शेवटचा जाईल तेव्हा मी एकोणऐंशी,
तो त्रेपन्न, गुडघे धरून उठणारा.
निबंधकाच्या ऑफिसात माझा अंगठा मशीनवर उमटेना,
सव्वीस वर्षं लॅबमधल्या काचपट्ट्या आणि स्पिरिट.
त्याचा पहिल्याच खेपेला, लख्ख.
खरेदीदार एक, वय ४९. खरेदीदार दोन, वय २३.
कुणी विचारलं तर कुठलं सांगायचं?

विक्रोळी, नववा मजला,
तीनशे बावीस चौरस फूट,
खिडकीत शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी.
दूध उतू घालायच्या आधी मी पिशवीतून काढले
हातोडी, पाव किलो खिळे आणि अण्णांचा फोटो.
पहिला वाकला. दुसरा वाकला.
तिसरा उडून मोरीत गेला.
निनाद भिंतीला टिचकी मारत हसला,
आई, सगळं काँक्रीट आहे हे. याला ड्रिल लागतं.

सातव्या मजल्यावर कुणाकडे तरी आहे म्हणे.
मागायला गेलाय, केव्हाचा.
फोटो मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले आहे
पाठ टेकून.
मध्ये काही धरलेलं नाही.