अर्धा इंच

येमूल मास्तरांनी चित्र आणलं सायकलच्या कॅरिअरवर,
जुन्या चादरीत गुंडाळून.
"उजवा कोपरा अजून ओला आहे," म्हणाले, "बोट लावू नका."
बोट लावलं नाही. नाक नेलं जवळ.
जवसाच्या तेलाचा वास.

ज्वारीची काढणी. बायका पातीला लागलेल्या.
जवळून बघाल तर बाई नाहीच कुठं,
नुसते पिवळ्याचे फटकारे, मधेच गेरूचा ठिपका,
सावल्या जांभळ्या, वांग्याच्या सालीसारख्या.
मल्लू म्हणाला, मामा, यांना तोंडंच नाहीत.
म्हटलं, काढणीतल्या बाईचं तोंड
बघितलंय का कुणी?
रस्त्यावरनं पाठ दिसते.

मग चित्र फळीला टेकवून
मी दुकानाची पायरी उतरलो,
रिक्षा चुकवत चाटी गल्ली ओलांडली,
समोरच्या टॉवेलवाल्याच्या ओट्यावर चढलो
आणि वळलो.

तिथून बोरामणी दिसलं.
माघातलं दहाचं ऊन,
जे धाटावर पडत नाही, धाटातून येतं.
भेगा पडलेलं काळं रान, मागं बुचाडं,
आणि चौथ्या बाईनं मूठ आवळून
उजवा पाय मागं रोवलेला,
भौरम्मा रोवायची तसा.
भौरम्मा म्हणजे माझी आई.
मास्तरांनी तिला बघितलेलं असणं शक्य नाही.
ती गेली तेव्हा हे दुसरी-तिसरीत असतील,
मंगमाराच्या आवाजात पाढे म्हणत.

पाचवी अगदी कडेला.
उभी राहिलीय ती एकटीच, कंबर सरळ करून,
तळहाताला फडकं बांधतेय.
धाटं हात कापतात.
दातांत फडक्याचं टोक: एवढासा पांढरा रंग.

आता फ्रेमची खाच चारी बाजूंनी अर्धा इंच खाते.
देवांचा, नवरा-नवरींचा, हार घालायच्या फोटोंचा
अर्धा इंच मी तीस वर्षं खात आलोय,
परत मागायला कुणी आलं नाही.
आणि ही बाई नेमकी तेवढ्यात राहते.

मास्तर म्हणाले होते, "गेली तर जाऊ द्या,
ती शेवटी सुचली, जागा नव्हती."

रात्री मल्लूला घरी पाठवला.
मागं फळी जोडली, कडेनं सागाची बारीक पट्टी,
खाच काढलीच नाही.
चित्र चौकटीत बसवलं नाही, ठेवलं,
चारी बाजूंनी वारा जाईल एवढं मोकळं.
तीनदा दिवा लावून बघितलं.
मोजल्या. पाच.

शनिवारी मास्तर आले.
लांबून बघितलं, जवळून बघितलं,
चष्मा काढून कोपऱ्याशी वाकले.
"मोठी झाली का हो फ्रेम?"
"लाकूड उरलं होतं," म्हटलं.

पैसे ठरले होते तेवढेच घेतले.
सायकलवर बांधताना चादर मीच धरली.
कोपरा तोवर वाळला होता,
फडक्याची गाठ तेवढी अजून
बोटाला लागली असती.