खिडकी सोडण्यापूर्वी

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी.
शेंदुर्णी ते पहूर, तिसरा वर्ग, पुठ्ठ्याचं तिकीट,
एक कोपरा चावलेला,
चेकरच्या चिमट्याने, उंदराने नव्हे.
एवढं एक मिळालं की माझा सातवा डबा बंद होतो.
डबे बिस्किटांचे, पत्र्याचे. आत तेवीसशे प्रवास,
त्यातला माझा एकही नाही.
मी भुसावळला खिडकीच्या आत बसलो तीस वर्षं.
लोक गेले. मी तारखा मारल्या.

परवा रात्री साडेअकराला ते मोबाईलवर उगवलं.
विकणारा ‘अँटिक किंग’, फोटोत गणवेश.
‘अंकल, आर्मीत आहे, बदली झाली, सामान काढतोय.
बाराशे. आत्ता टाका. अजून दोघं लाईनीत आहेत.’
कोकिळा कूस बदलून म्हणाली,
काय करी ऱ्हायले एवढ्या रातचे?
म्हटलं, शेंदुर्णीला जाऊन येतो.

खोटं कशाला सांगू, पिनचे तीन आकडे दाबून झाले होते.
चौथ्याआधी मेसेज आला: ‘जल्दी करा अंकल.’

आणि ते ‘जल्दी’ मला ओळखीचं वाटलं.

लग्नसराईत फलाटावर पॅसेंजर लागली की
मी आतून ओरडायचो,
सिग्नल पडला, चला, जल्दी करा!
कधी कधी पडलेला नसायचा.
धावणारा माणूस सुटे मोजत नाही.
चार आणे, आठ आणे, ड्रॉवरचा डावा कोपरा.
त्यातून संध्याकाळचा चहा निघायचा, वर भजी.
डोक्यावर पाटी होती, पांढऱ्यावर लाल:
खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या.
मी तिच्याखालीच बसायचो.

वरणगावची एक बाई परत आली होती,
काखेत पोर, मुठीत घामेजलेली चिल्लर.
भाऊ, आठ आणे कमी.
मी बोट वर केलं, पाटीकडे.
ती बघत राहिली पाटीकडे, मग माझ्या बोटाकडे.
वाचता येत नव्हतं तिला.
गाडी मात्र त्या दिवशी खरंच सुटली.

तीन आकडे पुसले.
फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला.
लोभाला आधी तिकीट दिसतं,
त्याखालचा अंगठा फार उशिरा.
नखात उभी निळी चीर.
तारखेच्या मशिनात सापडलेलं ते नख,
त्यावर हळद मीच बांधली होती.
चाळीसगावचा निवृत्ती भारंबे!
कुठे तरी कौतुकाने टाकला असेल फोटो त्याने,
आणि उचलला असेल या किंगने, अंगठ्यासकट.

पावणेबाराला फोन लावला.
निवृत्ती, पहूरचं तिकीट तुह्याकडे आहे?
बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.
मग, कोनी सांगितलं तुले?
तुह्या अंगठ्यानं.
एकवीस वर्षं लपवलं बेट्याने माझ्यापासून!

किंगला लिहिलं, साहेब, तिकिटाची मागची बाजू दाखवा,
शेजारी आजचा पेपर ठेवून.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
मग गणवेश गेला, नाव गेलं,
राहिला एक करडा गोळा, बिनचेहऱ्याचा.
आणखी कुणाच्या तरी रात्रीत गेला असेल तो,
जल्दी जल्दी.

रविवारी चाळीसगाव गाठलं.
निवृत्तीने तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं.
ट्यूबलाईटपुढे आडवं धरून कड पाहिली,
जुन्या पुठ्ठ्याचा वास घेतला,
मागचा आकडा चार वेळा वाचला.
दोन हजार म्हटलं. पाच म्हटलं.
तो म्हणाला, बघ लागेल तेवढं. इकाचं नाही.

जेवण झालं, कळण्याची भाकरी, भरीत.
मी चपला घालत होतो तेव्हा
त्याने डबा पुन्हा उघडला
आणि एकेक तिकीट मोजायला बसला,
माझ्या देखत, ओठ हलवत.

राग नाही आला.
उंबऱ्यात उभा राहिलो त्याचं होईपर्यंत.
त्याला पाटी वाचता येत होती.