आठवा खिळा

भाऊ पाण्याखाली असतो तेव्हा
हवेची नळी माझ्या हातात असते.
एक हिसका: ठीक आहे.
दोन: ढील दे.
तीन: ओढ, आणि आत्ता काही विचारू नकोस.
त्या दिवशी त्याने चार दिले,
जे आमच्यात ठरलेलेच नव्हते.

वर आला तेव्हा जाळीत शिंपल्यांऐवजी खिळे.
आठ. हिरवे,
शेवाळाचं हिरवं नव्हे, तांब्याचं.

किलोमागे किती, हे कास्त्रोचा भंगारवाला सांगतो.
कशाचे, ते सांगणारा आमच्या चिलोएत एकच उरलाय,
सिप्रियानो नाहुएल्किन, होड्या बांधायचा.
आता दोन्ही डोळ्यांत दूध उतरलंय.

'पुसू नका,' चुलीपासून न हलता म्हणाला,
'पुसलं की अर्धं बोलणं जातं.'

पहिला तळहातावर तोलला.
दांडा बोटांत फिरवला. 'गोल. यंत्रातून ओढलेला.
लोहाराच्या हातचा असता तर चौकोनी लागला असता.'
कानशीने एक रेघ मारली.
'रंग कसा निघाला, पोरी?'
'पिवळा.'
'म्हणजे जस्त आहे त्यात. निव्वळ तांबं लाल निघतं.'
मग जिभेला लावला. भाऊ हसला, म्हातारा नाही.
'कळकलेल्या भांड्यातलं लिंबू,' एवढंच म्हणाला.

दीड वीत: फळी आणि वासा मिळून.
अडीच वीत: हा तळातल्या कण्याचा.
याच्या टोकाची चकती अजून जागेवर,
म्हणजे सांधा सुटला नाही, लाकूडच कुजून गेलं.
हा वाकलाय. हा त्या रात्री खडकाच्या बाजूला होता.
'लोखंडाचे शोधू नका.
लोखंड स्वतःभोवती दगड बांधतं
आणि आतून निघून जातं.'

'आणि आपल्या होड्यांच्या? लुमाच्या लाकडी मेखा?'
'त्या भिजून फुगतात. त्यांच्याइतकं घट्ट काही धरत नाही.
किड्यांनाही त्याच आवडतात.'

जहाज परदेशी, म्हणाला. माल काय, कोण जाणे.
नाव? खिळ्यावर नाव नसतं.

आठवा उचलला आणि गप्प झाला.
लहानसा. डोकं एका अंगाला कललेलं,
तिरकी टोपी घातल्यासारखं.
अंगठा त्या उतारावरून गेला, परत आला, परत गेला.

'तांबं त्यांचंच,' बऱ्याच वेळाने,
'पण कापलंय इथे. माझा बाप
फुटक्या जहाजांचे दांडे विकत घ्यायचा,
तोडून लहान खिळे करायचा.
डोकी ठोकायचं काम पोराकडे.
पोरगं डावखुरं होतं. हातोडी नेहमी इकडे पडायची.'

खिळा त्याच्या डाव्या हातात होता.

'किती खोल?'
'अकरा वाव.'
किटलीत पाणी आटत होतं, कोणी उठलं नाही.
'लाकडात होता, की सुटा?'
आम्ही दोघं एकदम बोललो.
भाऊ म्हणाला, सुटा.
मी म्हणाले, लाकडात.

कुठली होडी, कोण होतं तिच्यात,
त्याने सांगितलं नाही.
तीन हिसके.

सात खिळे कास्त्रोला गेले. सव्वाचार किलो.
लालचा भाव दे म्हटलं तर भंगारवाल्याने
आमच्यासमोर कानस काढली.