कालवफोड्या

निफाडचा पारा साडेचारवर.
निवृत्तीने बागेत रात्रभर शेकोट्या ठेवल्या होत्या,
त्या धुराचा वास अंगावर घेऊनच मी निघाले.
मफलर, थर्मास
आणि मुलाने दिलेली दुर्बीण,
जिचं डावं भिंग अजून माझं ऐकत नाही.

चापडगावच्या मनोऱ्याखाली गाड्याच गाड्या.
पुण्याची पोरं रात्रीतून आलेली,
डोळे लाल, गळ्यात तोफा.
रोशन पोटिंदे त्यांना नुसत्या हातानेच गप्प करतो.
"त्या बुडक्या बाभळीच्या डावीकडं,
चिखलाची जीभ आलीय ना, तिच्या टोकाला.
झोपलाय."

काळा-पांढरा गोळा.
एका पायावर, चोच पाठीत खुपसून.
"चोच दिसल्याबिगर मी वहीत लिहीत नाही," रोशन म्हणतो.
म्हणून सगळे थांबतो.
पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेत,
आज त्यांच्याकडे कोणी मान वळवत नाही.

समुद्राचा पक्षी, गोदावरीवर कसा?
वारा असेल. कोवळं वय असेल. रात्री चूक झाली असेल.
एक पोरगा मला म्हणतो,
"काकू, तुम्ही गुहागरकडच्या ना? म्हणजे तुमच्यासारखाच, वाट चुकलेला!"
सगळे हसतात. मीही.
पण मी काही वाट चुकले नव्हते, बाळा.
पोहे खाऊन, मुलगा बघून, हो म्हणाले होते.
दोन ट्रंका घेऊन एसटीने आले होते.

ओहोटीला आई कातळावर कालवं फोडायची.
कोयतीचा एकच टोला, नेमका सांध्यावर.
हातभर अंतरावर हा,
तांबडी चोच, तोच उद्योग.
आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.
आई म्हणायची, आला गो आपला वाटेकरी.

माझी पाळी आली.
वाकले, तर श्वासानेच काच धुरकटली.
पदराने पुसेपर्यंत
ट्यूबवर बसून जाळं काढायला कोणी आलं,
आणि तडतड तडतड कॅमेरे,
पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत.

मी पुन्हा डोळा लावला.
गोल काचेत नुसता चिखल
आणि पावलाचा एक खळगा,
हळूहळू पाण्याने भरत चाललेला.
वरून मात्र क्लीऽप, क्लीऽप.
पस्तीस वर्षांनी.
कानाच्या पाळ्या एकदम गरम झाल्या.

रोशनने वही उघडली.
"ताई, चोच दिसली ना? तुमचं नाव टाकू?"
"नाही दिसली."
त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं,
आणि माझ्याकडे न बघता काहीतरी लिहिलं.

दुपारी निवृत्ती द्राक्षाच्या पानांवरून हात फिरवत होता,
कुठे काळी पडलीत ते बघत.
"दिसला का गं?
पण खाईल काय तो इथं?"

नदीत शिंपले आहेत की, म्हटलं.
जरा आळणी.
चालतात.